सुंता : एका सहीमागचा इतिहास

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले तेव्हा बॅगेत डिंकाचे लाडू होते, बाळंतशेपा होती, ओवा होता आणि एका छोट्या डबीत बाळाचे कान टोचण्यासाठी सोन्याच्या दोन तारा होत्या. आजीला काय काय निभवावे लागते याची माझी यादी पक्की होती. नातू जन्मून जेमतेम वीस तास झाले असतील. परिचारिका खोलीत आली आणि जेवायला काय आणू असे विचारावे इतक्या सहज सुरात तिने विचारले, ‘मुलाची सुंता करायची आहे का?’ करायची असेल तर उद्या घरी जाण्याआधी होऊन जाईल, फक्त या कागदावर आईची किंवा वडिलांची सही हवी. लेकीने जावयाकडे पाहिले, जावयाने माझ्याकडे. मी खिडकीबाहेर पाहिले.

मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. पुनरुत्पादन संस्थेच्या धड्याला आकृती काढून, नावे देऊन मी पुढच्या धड्यावर जात असे. त्या खोलीत माझ्या लक्षात आले की या विषयावर मला दोन वाक्येही नीट सांगता येणार नाहीत. आपल्याकडे हा प्रश्न आईबापांना कुणी विचारतच नाही. ज्यांच्यात करतात त्यांच्यात होते, ज्यांच्यात करत नाहीत त्यांच्यात होत नाही. ठरवण्याची वेळ कुणावर येत नाही. परदेशात बाळंत होणाऱ्या हजारो मराठी मुलींवर मात्र ती येते, तीही टाके ओले असताना आणि एका दिवसाच्या मुदतीत. परत आल्यावर मी जे वाचले, ते अशा घरांसाठी आणि स्वतःच्या समाधानासाठी इथे मांडते आहे.

आपल्याकडची खूण

‘सुंता’ हा शब्द मराठीत अरबी ‘सुन्नत’वरून आला. सुन्नत म्हणजे प्रेषितांनी घालून दिलेला रिवाज. कुराणात सुंतेचा उल्लेख नाही. तिचा आधार हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती आणि आचरणाच्या परंपरेत आहे. त्यामुळे ती किती बंधनकारक याबद्दल धर्मशास्त्राच्या शाखांत फरक आहे. हनफी मतानुसार ती सुन्नत आहे, तर शाफई मतानुसार अनिवार्य. आपले कोकणी मुसलमान शाफई आहेत. वयाचे बंधन मात्र इस्लाममध्ये एकच एक नाही. कुठे सातव्या दिवशी, कुठे मुलगा पाच-सात वर्षांचा झाल्यावर समारंभाने, असे प्रांताप्रांतांत वेगवेगळे चालते.

ज्यूंमध्ये दिवस पक्का आहे : आठवा. उत्पत्तीच्या ग्रंथात देवाने अब्राहामाशी केलेल्या कराराची ही खूण. अब्राहामाने ती स्वतःच्या अंगावर घेतली तेव्हा तो ९९ वर्षांचा होता आणि मुलगा इश्माएल १३ वर्षांचा. या विधीचे महाराष्ट्राशी जुने नाते आहे. अलिबाग-रोहा परिसरात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ हे ज्यू असल्याचे डेव्हिड रहाबी यांनी ओळखले, असे बेने इस्रायल परंपरा सांगते. कशावरून ओळखले? शनिवार पाळतात, खवले आणि पर असलेलेच मासे खातात, ‘शेमा’ प्रार्थनेचे पहिले शब्द जाणतात आणि मुलाची आठव्या दिवशी सुंता करतात, यावरून. भाषा विसरली, ग्रंथ हरवले, आडनावे गावांवरून पडली. पण ही खूण पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

माझ्याबरोबर शाळेत असलेल्या एका बेने इस्रायल मैत्रिणीच्या नातवाची सुंता ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये झाली, तेव्हा मी मलिद्याच्या प्रसादाला गेले होते. पोहे, खोबरे, गूळ, फळे. एलियाहू हन्नाबीसाठी खुर्ची मांडलेली होती. न्यू जर्सीहून आल्यावर मी तिला विचारले, ‘तुम्ही ठरवलंत कसं?’ ती हसली. ‘ठरवायचं काय त्यात? ते ठरलेलंच होतं. तो आमचा आहे, एवढंच.’

‘तो आमचा आहे’ या तीन शब्दांत या विधीचा सगळा अर्थ आला. त्याची दुसरी बाजूही आपल्याच देशाने पाहिली आहे. फाळणीत आणि त्यानंतरच्या दंगलींत माणसाला रस्त्यात अडवून, कपडे उतरवायला लावून, याच खुणेवरून तो ‘आमचा’ की ‘त्यांचा’ हे ठरवले गेले आणि त्यावर त्याचे जगणे-मरणे ठरले. हिंदू घरात हा शब्द उच्चारताना आवाज खाली जातो तो केवळ लाजेने नव्हे. त्याला ही आठवण चिकटलेली आहे. मग ज्या देशात ख्रिस्ती बहुसंख्य आहेत आणि ज्यांच्या धर्मात सुंता बंधनकारक नाही, तिथली परिचारिका ती जेवणासारखी कशी विचारते?

धर्माशिवायची सुंता

याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. १८७० साली न्यूयॉर्कचे नामांकित अस्थिशल्यविशारद लुईस सेअर यांच्याकडे पाच वर्षांचा एक मुलगा आला. त्याचे पाय वाकलेले होते, त्याला धड चालता येत नव्हते. सेअर यांना आढळले की त्याची अग्रत्वचा घट्ट आणि सुजलेली आहे. त्या वेळी वैद्यकात एक कल्पना प्रचलित होती : शरीराच्या एका भागातील चेतातंतू चिडले की दुसऱ्याच भागात आजार होतो. सेअर यांनी सुंता केली, मुलगा सुधारला आणि त्यांनी हा शोध सहकाऱ्यांपुढे मांडला. पुढे ते अशा आणखी कथा सांगत राहिले. पक्षाघात, अपस्मार, सांध्यांचे विकार अशा नाना व्याधींवर तोच इलाज सुचवला जाऊ लागला.

त्यात नीतीची भर पडली. हस्तमैथुनाने शरीर आणि बुद्धी झिजते, असे तेव्हाचे डॉक्टर गंभीरपणे मानत. कॉर्नफ्लेक्सशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या जॉन हार्वी केलॉग यांनी तर या सवयीवर उपाय म्हणून मुलाची सुंता भूल न देता करावी असे लिहिले, म्हणजे ती वेदना शिक्षेसारखी लक्षात राहील. सुंतेने वासना मंदावते, हे बाराव्या शतकातले ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनीही म्हटले होते. त्यांच्या दृष्टीने तो विधीचा एक उद्देश होता. केलॉग यांच्या दृष्टीने ते औषध होते.

जंतूंचा शोध लागल्यावर कारण बदलले : आता ती स्वच्छतेसाठी. विसाव्या शतकात बाळंतपणे घरातून रुग्णालयात गेली. १९५० च्या दशकापर्यंत अमेरिकेतील बहुतेक बाळे रुग्णालयात जन्मू लागली आणि तिथे नाळ कापण्याइतकीच ही गोष्ट नेहमीची झाली. सुंता झालेली एक पिढी बाप झाली. तिला आपल्या मुलाचे वेगळे काही करावे असे वाटण्याचे कारण नव्हते. सैन्याबरोबर ही पद्धत प्रवासालाही निघाली. दक्षिण कोरियात १९४५ पूर्वी सुंता जवळजवळ नव्हती. अमेरिकन सैन्याच्या वास्तव्यानंतर ती तिथे इतकी रुजली की पुढच्या काही दशकांत शाळकरी वयातील बहुसंख्य मुलांची होऊ लागली. शेजारच्या जपानमध्ये ती रुजली नाही.

ब्रिटनने का सोडली?

ब्रिटनमध्येही, विशेषतः सधन घरांत, हीच लाट होती. तिथे ती ओसरली. १९४९ साली डग्लस गेर्डनर या बालरोगतज्ज्ञांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक लेख लिहिला. त्यांनी केलेली गोष्ट साधी होती : नवजात आणि लहान मुले तपासून पाहिली.

नवजात मुलाची अग्रत्वचा शिश्नमण्याला आतून चिकटलेली असते, जसे नख खालच्या मांसाला चिकटलेले असते. ती मागे सरकत नाही आणि सरकूही नये. वाढीबरोबर ती आपोआप सुटी होते. गेर्डनर यांना जन्मवेळी फार थोड्या मुलांत ती पूर्ण मागे सरकताना दिसली. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांत. १९६८ मध्ये डेन्मार्कच्या याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करून दाखवले की काहींमध्ये ही प्रक्रिया पौगंडावस्थेपर्यंत चालते. म्हणजे ज्याला ‘फायमोसिस’ हा रोग समजून कापले जात होते, ते बहुतेक वेळा निरोगी बाळाचे निरोगी अंग होते. गेर्डनर यांनी आणखी एक आकडा पुढे ठेवला : इंग्लंड-वेल्समध्ये या शस्त्रक्रियेमुळे दर वर्षी सरासरी सोळा-एक लहान मुले दगावत होती. तेव्हाची भूल आजच्याइतकी सुरक्षित नव्हती, हे खरे. पण नव्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने कारणाशिवायची सुंता मोफत सेवेत धरली नाही आणि एका पिढीत ती प्रथा आटली.

तोच देह, तेच वैद्यकशास्त्र, भाषाही तीच. अटलांटिकच्या एका काठावर पद्धत संपली, दुसऱ्या काठावर वाढत गेली.

आजचा हिशेब

जावयाने त्या रात्री विचारलेला प्रश्न रास्त होता : ‘आई, इतिहास राहू द्या. आज फायदा आहे की नाही?’ फायदा आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पहिला फायदा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा. पहिल्या वर्षात साधारण शंभरातल्या एका मुलाला तो होतो. सुंता झालेल्या मुलांत त्याचे प्रमाण बरेच कमी असते. याचा अर्थ एका मुलाचा संसर्ग टाळण्यासाठी सुमारे शंभर मुलांची सुंता करावी लागते. आणि तो संसर्ग प्रतिजैविकांनी बरा होतो. मूत्रमार्गात जन्मजात दोष असलेल्या बाळाचा हिशेब वेगळा असतो. त्याला हा फायदा पुष्कळ मोठा ठरू शकतो. दुसरा फायदा शिश्नाच्या कर्करोगाचा. बालपणी सुंता झालेल्यांत तो आणखी विरळ, पण अमेरिकेत तो मुळातच लाखात एखाद्याला होणारा आजार आहे.

तिसरा फायदा सर्वांत जास्त सांगितला जातो, तो एचआयव्हीचा. २००५ ते २००७ या काळात दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रीकडून होणारा संसर्ग ५० ते ६० टक्क्यांनी कमी झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये, एचआयव्हीचा फैलाव मोठा असलेल्या प्रदेशांत हा उपाय सुचवला. हे संशोधन भक्कम आहे. मात्र त्यातले पुरुष प्रौढ होते, स्वखुशीने आलेले होते, आणि ज्या धोक्यापासून ते बचावले तो धोका पाळण्यातल्या बाळाला नसतो. हे संरक्षण त्याला ज्या वयात लागेल, त्या वयात तो स्वतः विचार करू शकतो.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? अमेरिकेतील २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात नवजात मुलांमधील गुंतागुंतीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून किंचित कमी आढळले. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, त्वचा कमी-जास्त कापली जाणे अशा या तक्रारी. गंभीर इजा अतिशय विरळ, पण शून्य नाही. त्याच अभ्यासात असेही दिसले की एक ते नऊ वर्षे वयात हीच शस्त्रक्रिया केली तर गुंतागुंत सुमारे वीसपट आणि त्यानंतर दहापट असते. ‘पुढे बघू’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आणि वेदना. शस्त्रक्रियेत आधी ती चिकटलेली त्वचा शलाकेने सोडवतात, मग चिमट्यात दाबून कापतात किंवा प्लास्टिकची कडी बसवतात, जी आठवडाभरात गळून पडते. बराच काळ हे भूल न देता होत असे, कारण नवजात बाळाला दुखत नाही अशी समजूत होती. ती समजूत मोडण्यात इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत आनंद यांचा मोठा वाटा आहे. पुरेशी भूल न मिळालेल्या नवजात बाळांच्या शरीरात शस्त्रक्रियेचा ताण किती तीव्र असतो, हे त्यांनी १९८७ मध्ये मोजून दाखवले. १९९७ मध्ये कॅनडातील संशोधकांना आढळले की सुंता झालेली मुले चार ते सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त कळवळतात. भूल देणारे मलम लावलेल्यांत हा फरक कमी होता. आज स्थानिक भूल देणे हा नियम आहे. आईबापांनी सही करण्याआधी निदान एवढे विचारावेच.

मग ठरवते कोण?

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७१ मध्ये सांगितले की नवजात मुलाची सुंता करण्याला ग्राह्य वैद्यकीय कारण नाही. १९८९ मध्ये म्हटले, फायदे असू शकतात. १९९९ मध्ये म्हटले, सरसकट शिफारस करण्याइतके ते नाहीत. २०१२ मध्ये म्हटले, फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण तरीही सरसकट शिफारस नाही, आईबापांनी ठरवावे. यावर २०१३ मध्ये युरोपातील ३८ तज्ज्ञांनी उत्तर दिले : तुमच्या निष्कर्षावर तुमच्या संस्कृतीची छाया आहे. अमेरिकन तज्ज्ञांनी उलट विचारले : आणि तुमच्यावर तुमच्या संस्कृतीची नाही? आकडे दोघांपुढे तेच होते. मला वाटते, दोघांचेही म्हणणे बरोबर होते.

आईबाप आकड्यांवरून ठरवतात का, हे १९८७ च्या एका पाहणीत दिसते. कोलोरॅडोतील डेन्व्हरमध्ये सव्वाशेच्या आसपास पालकांना विचारले गेले. सुंता झालेल्या बापांपैकी ९० टक्क्यांच्या मुलांची सुंता झाली. न झालेल्या बापांपैकी २३ टक्क्यांच्या. मुलगा बापासारखा दिसावा, भावांसारखा, मित्रांसारखा दिसावा, हीच खरी कारणे होती. दुसरे कारण पैशाचे. कॅलिफोर्नियाने १९८२ मध्ये गरिबांच्या सरकारी विम्यातून सुंतेचा खर्च काढला, नंतर आणखी राज्यांनी काढला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जिथे हा विमा खर्च देतो, त्या राज्यांतील रुग्णालयांत प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी जास्त होते. १९७९ मध्ये अमेरिकेतील रुग्णालयांत ६४.५ टक्के नवजात मुलांची सुंता होई. २०१० मध्ये ५८.३ टक्के. पश्चिमेकडील राज्यांत मात्र ती ६३.९ वरून ४०.२ वर आली. त्यात विम्याचा वाटा होता, आणि ज्यांच्यात ही पद्धत नाही अशा लॅटिन अमेरिकी कुटुंबांच्या स्थलांतराचाही.

म्हणजे अमेरिकेतही उत्तर शेवटी माझ्या ठाण्याच्या मैत्रिणीचेच : तो आमचा आहे. फरक इतकाच की तिच्याकडे हे उघड बोलले जाते, आणि तिथे त्यावर वैद्यकाचा पांढरा कोट आहे.

ज्याचे शरीर त्याला कोण विचारणार, हा प्रश्न न्यायालयातही पोचला. जर्मनीत कोलोनमध्ये चार वर्षांच्या एका मुस्लिम मुलाला सुंतेनंतर रक्तस्राव झाला. खटला चालला. मे २०१२ मध्ये न्यायालयाने डॉक्टरला निर्दोष सोडले, पण धार्मिक कारणाने केलेली सुंता ही शारीरिक इजा ठरते असा निर्वाळा दिला. देशभर वादळ उठले. ज्यूंच्या विधीला जर्मनीत गुन्हा म्हणावे, याचा अर्थ त्या भूमीवर वेगळाच होता. डिसेंबर २०१२ मध्ये संसदेने कायदा करून आईबापांना, काही अटींवर, मुभा दिली. आइसलंडमध्ये २०१८ साली बंदीचे विधेयक आले, पण मंजूर झाले नाही. मुलाच्या हक्काचा प्रश्न खरा आहे आणि समाजाच्या अस्तित्वाचाही खरा आहे. मैत्रिणीच्या घरासाठी सुंता सोडणे म्हणजे त्या घाणेवाल्या पूर्वजांचा धागा तोडणे. माझ्या लेकीच्या घरात असा कोणताच धागा नव्हता. तिच्यापुढे फक्त शेजार होता.

सुश्रुताची नळी आणि माझ्या तारा

आपल्या जुन्या वैद्यकात काय आहे, म्हणून मी सुश्रुतसंहिता उघडली. त्यात अग्रत्वचा घट्ट होऊन मूत्रमार्ग अडण्याच्या विकाराला ‘निरुद्धप्रकश’ असे नाव आहे. उपचार असा : लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी तूप लावून आत घालावी आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी वापरावी. शस्त्राचा पर्यायही दिला आहे, मात्र शिवण सांभाळून. आज खऱ्या फायमोसिससाठी डॉक्टर आधी स्टेरॉइडचे मलम देतात आणि बहुतेकांचे काम त्यावर भागते. रोग असेल तर उपचार, आधी सौम्य मग शस्त्र, हा क्रम दोन्हीकडे तोच. मला बरे वाटले.

ते फार टिकले नाही. त्याच ग्रंथात बाळाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावेत असे सांगितले आहे, मुलाचा आधी उजवा, मुलीचा आधी डावा. कारणे दोन दिली आहेत : बाळाचे रक्षण आणि अलंकार. ती वाचताना मला न्यू जर्सीची खोली आठवली. आरोग्यासाठी आणि चारचौघांसारखे दिसण्यासाठी. परिचारिकेकडेही हीच दोन कारणे होती. कानाचे भोक बुजते, कापलेली त्वचा परत येत नाही, हा फरक मोठा आहे आणि मी तो पुसत नाही. पण बाळाला विचारले कुणीच नव्हते, ना तिथे, ना आपल्या बारशाला.

त्या रात्री जावई म्हणाला, ‘इथल्या शाळेत मुलं एकमेकांना बघतात. हा वेगळा दिसेल.’ लेक म्हणाली, ‘त्याच्या वर्गात निम्मे त्याच्यासारखेच असतील. आणि आज नाही केलं तर त्याला पुढे करता येईल, त्रास जास्त होईल हे कबूल. आज केलं तर मात्र त्याला ते मागे घेता येणार नाही.’ सकाळी दोघांनी कागदावर ‘नाही’ असे लिहून सही केली. परिचारिकेने तितक्याच सहजपणे कागद उचलला आणि नाश्त्याचे विचारले.

बाराव्या दिवशी घरच्या घरी बारसे झाले. नाव ठेवून झाल्यावर मी ती डबी काढली. लेकीने डबीकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती काही बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. तिचे त्या रात्रीचे वाक्य मला पाठ होते. मी डबी पुन्हा बॅगेत ठेवली. तारा परत पुण्याला आल्या, माझ्या कपाटात आहेत. मागेल तेव्हा त्याला देईन.